गुलमोहराच्या जागी काय लावायचं: तगर की करंज?

अंगणातला गुलमोहर काढण्यासाठी आम्ही अर्ज केला जून २०२४ मध्ये, आणि त्याच्या बदल्यात लावलेल्या झाडांची पाहणी झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या काळात परवानगी, कापणी, खड्डे, रोपांची खरेदी असं बरंच काही पार पडलं. पण मी सगळ्यात जास्त अडले ते एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नापाशी. मोकळ्या झालेल्या जागेत फुलझाड लावायचं की सावलीचं झाड? शोधायला बसले तेव्हा एकतर रोपांच्या नावांच्या याद्या मिळाल्या, नाहीतर कायद्याची कलमं. दोन्हींची सांगड घालून कोणी सांगेना. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

आमचं सोलापुरातलं बैठं घर, २००१ साली बांधलेलं. घर बांधलं त्याच वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पश्चिमेच्या अंगणात गुलमोहर लावला. अण्णांची खोलीही त्याच बाजूला. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना पश्चिमेची भिंत म्हणजे काय ते ठाऊक आहे. दुपारी तीननंतर ती तापायला लागते आणि रात्री अकरापर्यंत हात ठेवला तरी चटका बसतो. गुलमोहर दिसायला देखणा, पण ऐन एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर पानं नसतात, फुलं असतात. म्हणजे सावली हवी तेव्हाच ती विरळ. शिवाय त्याचं लाकूड ठिसूळ. मे २०२४ मध्ये वळवाच्या पावसाबरोबर सुटलेल्या वाऱ्यात त्याची मांडीएवढी जाड फांदी कंपाउंडवर आली. आत पाहिलं तर फांदी पोकळ, आणि बुंध्याशी भूछत्रं उगवलेली.

स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी शहरी भागात ते परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज उद्यान विभागात दिला. सोबत जोडलं ते असं: मिळकत कराची चालू पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, चारही बाजूंनी काढलेले झाडाचे फोटो, हाताने काढलेला अंगणाचा नकाशा आणि अण्णांचं संमतिपत्र, कारण घर त्यांच्या नावावर आहे. अर्जाची एक जादा प्रत नेऊन तिच्यावर पोच घ्या. पुढे प्रत्येक वेळी आवक क्रमांक विचारतात, आणि तो त्या पोचेवरच असतो. फोटो काढताना एक फोटो असा घ्या की ज्यात झाड आणि घराचा नंबर दोन्ही दिसतील. आमच्या अर्जात तेवढाच कमी होता, तो नंतर नेऊन दिला.

जुलैच्या मध्यावर पाहणीला उद्यान विभागाचे साहेब आले. त्यांनी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजला, मग लहान हातोडीने बुंध्यावर खालून वर ठोकत गेले. एका बाजूला भरीव आवाज, दुसऱ्या बाजूला रिकाम्या डब्यासारखा. मुळाशी उगवलेली भूछत्रं दाखवून म्हणाले, "ताई, हे वरून हिरवं दिसतंय, पण आत काही उरलेलं नाही. पुढच्या वादळात घराकडे पडलं तर अवघड होईल." तिथेच पंचनामा लिहिला आणि शेजारच्या काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. काकूंनी वर कावळ्याचं घरटं असल्याचं सांगितलं. साहेबांनी ते नोंदवलं आणि पिल्लं उडून गेल्याशिवाय करवत लावायची नाही असं बजावलं. मला बरं वाटलं. माझ्या मनात तेच होतं, पण विचारायचं कसं ते कळत नव्हतं.

झाडाच्या वयाला इतकं महत्त्व आहे हे मला त्या दिवशी समजलं. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते हेरिटेज वृक्ष ठरतं आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. आमच्या घराच्या बांधकाम परवान्यावरून गुलमोहराचं वय २३ धरलं. म्हणजे २३ झाडं! आमचं पश्चिमेचं अंगण २२ फूट बाय ३० फूट. मी साहेबांना विचारलं, "कंपाउंडच्या कडेने तगर, जास्वंद लावली तर चालेल का?" ते म्हणाले, "ती लावा, पण ती यात धरता येणार नाहीत. ती झुडपं झाली. यात वृक्षच पाहिजे, तोही सहा फुटांच्या वरचा." एक झाड अंगणात आणि बाकीची बावीस आमच्या ले-आउटच्या मोकळ्या जागेत लावायचं ठरलं. त्यासाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र घेतलं. सोसायटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते, तेव्हा हे पत्र परवानगीची वाट न पाहता आधीच मागून ठेवावं.

मग झाडावर नोटीस चिकटवली गेली, हरकतींसाठी. हरकत कोणाची आली नाही. परवानगीचं पत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडलं. अर्जापासून साधारण दोन महिने. अनामत रक्कम भरून पावती घेतली. ही रक्कम आणि शुल्क प्रत्येक गावचं वेगळं असतं, तेव्हा आकडा खिडकीवरच विचारावा.

हे दोन महिने घरात एकाच विषयावर बोलणं चालू होतं. सासूबाईंना तगर हवी होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रोज पूजेला पांढरी फुलं लागतात, बाजारात ती पुडीत कोमेजून येतात. तगर वर्षभर फुलते, पानगळ नाही, फार उंच जात नाही, कात्री लावली की आकारात राहते. अण्णा काही बोलत नव्हते. मला मात्र त्यांच्या खोलीवर सावली हवी होती. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे. मेमध्ये त्यांना दुपारी हॉलमध्ये आणून झोपवावं लागतं आणि ते त्यांना आवडत नाही.

खरं सांगायचं तर तगरीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिची मुळं भिंतीला, पाइपला त्रास देत नाहीत. रोप स्वस्त. दोन महिन्यांत फूल दिसतं. चीक येतो, तेवढा फुलं तोडताना डोळ्यांपासून जपायचा. सात-आठ फुटांच्या दाट तगरीनेही थोडी सावली पडतेच. मग सात फुटांची तगर आणि वीस फुटांचा करंज यांत आमच्या भिंतीपुरता नेमका फरक किती?

हे तोंडी बोलून सुटत नव्हतं, म्हणून बांबू आणला. सोलापूरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा जवळपास त्याच वाटेने जातो. म्हणजे मेचं ऊन मोजायला मेपर्यंत थांबायची गरज नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आकाश मोकळं झालं त्या दुपारी आम्ही गच्चीवर दहा फुटी बांबू ओळंब्याने सरळ उभा केला. अंगणात गुलमोहर अजून उभा होता, म्हणून गच्ची. चार वाजता सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, पाचला दुसरी. चारची सावली बारा फुटांच्या जरा आत भरली, पाचची वीस फुटांच्या आसपास. दिशाही पाहिली. सावली बरोबर पूर्वेला पडत नव्हती, किंचित दक्षिणेकडे कलत होती. म्हणजे ऊन पश्चिमेच्या थोडं उत्तरेकडून येतं. झाड खिडकीच्या अगदी समोर न लावता जरा उत्तरेला सरकवून लावायला हवं, हे तिथे कळलं.

मग वहीत गणित मांडलं. चारच्या उन्हात दर दहा फूट अंतराला सावलीची कड साधारण साडेआठ फूट खाली उतरते. सात फुटांची तगर भिंतीपासून सहा फुटांवर लावली तर चारला तिची सावली भिंतीवर दोन फुटांपर्यंतही पोचत नाही. खिडकीचा कठडाच तीन फुटांवर! पाचला ती चार फुटांपर्यंत येते. पण तोवर भिंत तापायची ती तापून झालेली असते. तगर भिंतीच्या अगदी जवळ आणली तर सावली वाढते, पण खिडकीतून येणारा वारा अडतो. उलट वीस फुटांचं झाड भिंतीपासून चौदा फुटांवर असलं तरी चारची सावली आठ फुटांपर्यंत चढते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. सासूबाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "मग तुझं झाड लाव, पण माझी तगर कुठे ते आधी सांग." वाद तिथे मिटला.

तगरीची जागा जमिनीखालच्या गोष्टींनी ठरवली. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी जमिनीखाली हौद आहे. आमचा नैर्ऋत्य कोपऱ्यात. त्याच्या शेजारून ड्रेनेजची लाइन फाटकाकडे जाते. त्या पट्ट्यात वृक्ष लावायचा विचारच नको, पण झुडूप खुशाल लावता येतं. वायव्येला मात्र खाली काही नाही. वर विजेची तार आहे ती रस्त्याच्या बाजूला, बरीच लांब. झाड निवडण्याआधी घराचा मंजूर नकाशा काढून हौद, सेप्टिक टँक आणि पाइप यांवर लाल पेनाने रेघा मारा. रोपवाटिकेत जाण्याआधीच निम्मा निर्णय होऊन जातो.

आता सावलीचं झाड कोणतं? बकुळ माझ्या मनात फार होती. सदाहरित, दाट, सुवासिक, बंगल्याच्या अंगणात शोभणारी. पण ती सावकाश वाढते आणि आम्हाला सावली लवकर हवी होती. कडुनिंबाचा पसारा या अंगणाला मोठा पडला असता. सप्तपर्णीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला उग्र वास अण्णांच्या दम्याला नको होता. ताम्हण आपलं राज्यफूल, फुलल्यावर नजर हटत नाही, पण हिवाळ्याच्या शेवटी तेही निष्पर्ण होतं. करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो खरा, पण लगेच पोपटी पालवी धरतो आणि एप्रिलचं ऊन कडक होईपर्यंत पुन्हा भरून येतो. आमच्या गुलमोहराच्या नेमकं उलटं वेळापत्रक. हलक्या जमिनीत तगतो, शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्र धरतो, आणि दोन-तीन उन्हाळे सांभाळला की वरच्या पाण्यावाचून जगतो. तगरीला सोलापूरच्या उन्हाळ्यात एक-दोन दिवसाआड पाणी द्यावंच लागतं, दर वर्षी. हौदातल्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या घरात हा मुद्दा मोठा आहे. करंजाच्या वाईट बाजूही सांगते. मुळांतून फुटवे निघतात, ते काढत राहावे लागतात. मोहराचा आणि शेंगांचा कचरा पडतो. पानांवर गाठी येतात, त्या दिसायला बऱ्या नाहीत. शेजारच्या काकूंना हे सगळं आधीच सांगून ठेवलं.

ऑगस्ट संपता संपता गुलमोहर कापला. घरटं तोवर रिकामं झालं होतं. कापणाऱ्यांनी लाकूड नेण्याच्या बोलीवर ७,५०० रुपये घेतले. दोर बांधून वरून खाली तुकडे उतरवतात का, हे ठरवतानाच विचारा. नुसतं बुंध्यातून पाडणारे स्वस्त पडतात, पण कंपाउंड आपलं असतं. त्या दिवशी अण्णा अंगणात खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसून होते.

जुन्या खोडाच्या जागी नवं झाड लावलं नाही. तिथे कुजकी मुळं आणि बुरशी दोन्ही होती. सात-आठ फूट बाजूला, वायव्येकडे, तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घेतला. दीड फूट काळी माती, त्याखाली मुरूम. मुरमाला टिकाव लागला तेव्हा मजुरांनी दर वाढवून ९०० रुपये मागितले आणि ते रास्त होतं. मुरूम तोडल्याशिवाय मुळं खाली उतरणार नाहीत, दीड फुटातच फिरत राहतील. खड्डा भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत आणि बारीक मुरूम मिसळला, कारण नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोवळी मुळं तोडते. वाळवीसाठी निंबोळी पेंड घातली.

रोपं घ्यायला गेले त्या पहिल्या ठिकाणी मला कोनोकार्पस, म्हणजे झपाट्याने वाढणारं परदेशी झाड, देत होते. "मॅडम, सहा महिन्यांत भिंत होईल." गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. मी नको म्हटलं. तिथल्या करंजाच्या रोपांची मुळं पिशवीबाहेर येऊन जमिनीत गेली होती. अशी रोपं उचलताना मूळ तुटतं आणि महिनाभर बरी दिसून मग वाळतात. दुसरीकडे सात फुटांचा करंज ३५० रुपयांना मिळाला. पाहायचं काय? काठीचा आधार सोडल्यावर रोप स्वतः उभं राहतं का, आणि खोड खालून वर निमुळतं होत जातं का. तगरीचं रोप ९० रुपये, त्यांनी एकेरी आणि डबल अशा दोन्ही दाखवल्या. सासूबाईंनी एकेरी घेतली, देवाला तीच आवडते म्हणाल्या. मोकळ्या जागेसाठीची बावीस रोपं, त्यांत निम्मे कडुनिंब, बाकी करंज आणि बकुळ, टेम्पोभाड्यासकट साडेसहा हजारांत आली. खड्डे ले-आउटमधल्या मुलांनी आणि आम्ही मिळून घेतले.

लागवड गणपती उठल्यावर, सप्टेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात केली. कोकणात जूनमध्ये लावतात ते तिथे ठीक. सोलापूरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा. जूनमध्ये लावलेलं रोप जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत सापडतं. प्रत्येक रोपाचा जिओ-टॅग फोटो काढून अहवालासोबत दिला. फोटोत तारीख आणि ठिकाण उमटतंय ना, हे पहिल्याच फोटोला तपासून घ्या.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, होईपर्यंत फार काही करावं लागलं नाही. बुंध्याभोवती उसाचं पाचट चार बोटं जाड पसरलं, पण खोडाला चिकटू दिलं नाही. करंजाशेजारी तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. आठवड्यातून दोनदा भरलं की पुरे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी रोपाला दिलं नाही, त्यात क्षार जास्त असतात. फेब्रुवारीत करंजाची पानं पिवळी पडून गळाली. सासूबाई घाबरल्या. मी नखाने साल किंचित खरवडून त्यांना आतला हिरवा रंग दाखवला, तेव्हा त्यांना धीर आला. मार्चच्या अखेरीस पालवी आली. मेच्या उन्हाची मी धास्ती घेतली होती, पण २०२५ मध्ये मे महिन्यातच पावसाने गाठलं आणि मडकं भरायचं थांबलं. सप्टेंबरात सीना नदीकाठच्या गावांचे पुराने अतोनात हाल झाले. त्या पावसात आमच्या अंगणातही दिवस दिवस पाणी साचून राहिलं. करंजाला काही झालं नाही. तगरीची खालची पानं मात्र पिवळी पडली, मग तिच्याभोवती मातीचा उंचवटा केला.

आज करंज अकरा फुटांवर आहे. वहीतल्या गणिताने मेच्या उन्हात चारची सावली अजून भिंतीला टेकत नाही, ती पायरीशी संपते. पाचनंतर कठड्याच्या वर येते. अण्णांच्या खिडकीला गेल्या उन्हाळ्यात बाहेरून शेडनेट लावली होती, शिवून १,२०० रुपये. पुढचे दोन उन्हाळे तरी ती लागेल. सावलीचं झाड लावणाऱ्याने ही मधली सोय आधीच खर्चात धरावी. तगरीने तिच्या बाजूने नोव्हेंबर २०२४ पासूनच फुलं द्यायला सुरुवात केली. सासूबाईंची परडी रोज भरते आणि उरलेली काकूंकडे जातात.

ऑक्टोबरच्या पाहणीत मोकळ्या जागेतली काही रोपं गेलेली निघाली, बहुतेक बकुळी, एक कडुनिंब. शेळ्यांनी शेंडे खाल्ले होते. त्यांच्या जागी नवी लावून पुन्हा फोटो द्यायचे आहेत, मग अनामत परत मिळण्याचा अर्ज करता येईल. या वेळी काटेरी फांद्यांचं कुंपण आधी करून घेतोय, रोपं नंतर. करंजाच्या खालच्या फांद्या मी अजून छाटलेल्या नाहीत. खोड मनगटाएवढं झालं की जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच्या फांद्या थोड्या थोड्या करून काढायच्या, म्हणजे खालून वारा खेळेल आणि अण्णांची खुर्ची तिथे मावेल. अर्ज, पोच, पंचनामा, परवानगी, अनामतीची पावती आणि फोटो या सगळ्याची एकच फाइल केली आहे. कोणी सोलापुरात हा अर्ज करणार असेल तर नमुन्यासाठी दाखवायला ती आमच्याकडे आहे.